एका डॉलरला अर्धा डॉलर: अमेरिकेच्या जुन्या स्मारक नाण्यांच्या किमतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी. कुणाला गराज सेलमध्ये, कुणाला शेजारच्या आजोबांकडून एखादं कोलंबसाचं नाणं मिळालेलं असतं. दुसरे म्हणजे मुंबई-पुण्याचे हौशी संग्राहक, ज्यांना परदेशी नाण्यांच्या याद्या वाचताना किमतींचा ताळमेळ लागत नाही. दोघांच्या मनात शंका एकच असते: या किमती खऱ्या की कुणी तरी फुगवलेल्या? ही शंका नाण्यांइतकीच जुनी आहे.

१. "सुरुवातीची स्मारक नाणी" म्हणजे नेमकी कुठली?

अमेरिकेत १८९२ ते १९५४ या काळात निघालेली. एखादी व्यक्ती, घटना, शहर किंवा प्रदर्शन यांच्या स्मरणार्थ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ती पाडून घेतली. त्यात सर्वाधिक आहेत चांदीचे अर्धे डॉलर, त्यांचेच ४८ नमुने. शिवाय चांदीचा एक पाव डॉलर, चांदीचा एक डॉलर आणि थोडी सोन्याची नाणी. चांदीच्या नाण्यांत प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक टांकसाळ वेगळी धरली, तर पूर्ण संच १४४ नाण्यांचा होतो. एवढे प्रकार का झाले, याचं उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे आणि ते फारसं सन्माननीय नाही. १९५४ नंतर मोठा खंड पडला. १९८२ मध्ये ही प्रथा पुन्हा सुरू झाली, पण त्या नाण्यांचे नियम वेगळे असल्याने इथे त्यांचा विचार केलेला नाही.

२. नाण्यावर "अर्धा डॉलर" लिहिलेलं असताना ते एक डॉलरला कसं काय विकत होते?

कारण वरचा अर्धा डॉलर ही देणगी होती. १८९३ मध्ये शिकागोला कोलंबसाच्या सफरीच्या चारशे वर्षांनिमित्त जागतिक प्रदर्शन भरलं. आयोजकांनी सरकारकडे ५० लाख डॉलर मागितले. काँग्रेसने रोख रकमेऐवजी ५ ऑगस्ट १८९२ च्या कायद्याने ५० लाख स्मारक अर्धे डॉलर देऊ केले, म्हणजे दर्शनी (नाण्यावर लिहिलेल्या) किमतीने २५ लाख डॉलर. आयोजकांनी ती नाणी दुपटीने विकावीत आणि हवे तेवढे पैसे उभे करावेत, असा हिशेब होता.

पुढची साठ वर्षं साधारण हीच पद्धत चालली. समिती टांकसाळीकडून दर्शनी किमतीला नाणी घेई, चढ्या भावाने विके आणि मधला फरक स्मारकासाठी किंवा समारंभासाठी ठेवी. खपली नाहीत तर नाणी दर्शनी किमतीला परत करायची सोय होती. समितीचा धोका जवळपास शून्य. पैशांचं काय झालं हे कुणी काटेकोरपणे तपासत नसे, आणि माझ्या मते सगळ्या भानगडींचं मूळ तिथेच आहे. चढा भाव हा त्यातला किरकोळ भाग.

३. तेव्हाच्या लोकांना हे पटलं होतं का? की आपल्यालाच आज खटकतं?

बहुतेकांना पटलं नव्हतं, आणि त्यांचा हिशेब चोख होता.

१८९३ च्या शिकागोत एका डॉलरची ताकद पाहा. प्रदर्शनाचं तिकीट ५० सेंट. जगातल्या पहिल्या फेरिस चक्रात बसायचेही ५० सेंट. म्हणजे एका डॉलरमध्ये आत जाऊन चक्रातून सगळं शहर पाहून होत असे, किंवा मग खिशात एक नाणं येई, ज्याच्यावर त्यातले फक्त ५० सेंट परत मिळणार होते. त्या नाण्यात १२.५ ग्रॅम वजन आणि ९० टक्के चांदी होती. त्या वेळच्या चांदीच्या भावाने धातूची किंमत सुमारे ३० सेंटच भरे. त्यातच १८९३ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली, बँका बुडाल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वर्षी आठवण म्हणून दुप्पट पैसे मोजा असं सांगणं जरा जास्तच होतं.

वातावरण तापवायला आयोजकांनी पहिल्या नाण्याचा मोठा गाजावाजा केला. रेमिंग्टन टाइपरायटर विकणाऱ्या कंपनीने ते पहिलं नाणं तब्बल १०,००० डॉलरला घेतलं. जाहिरात म्हणून उत्तम. पण सामान्य गिऱ्हाइकाने त्यावरून भाव ठरवला नाही. तो थांबला आणि त्याचं थांबणं बरोबर निघालं, कारण प्रदर्शनानंतर शिल्लक नाणी ५० सेंटलाच व्यवहारात आली. ज्यांनी एक डॉलर मोजून मखमली डबीत नाणं जपलं, त्यांना तेच नाणं किराणा दुकानात सुट्ट्या पैशांत मिळू लागलं. आजही बाजारात झिजून गुळगुळीत झालेले कोलंबस दिसतात ते यामुळेच.

४. इसाबेलाचा पाव डॉलरही एक डॉलरलाच होता म्हणे. तो कुणी घेतला?

फार थोड्यांनी. प्रदर्शनाच्या महिला व्यवस्थापक मंडळाने, बर्था पामर यांच्या नेतृत्वाखाली, स्वतःचं वेगळं नाणं मागून घेतलं. त्यावर कोलंबसाला पाठबळ देणारी स्पेनची राणी इसाबेला होती. नाणं पाव डॉलरचं आणि किंमत एक डॉलर, म्हणजे दर्शनी किमतीच्या चौपट. त्याच प्रदर्शनात अर्धा डॉलरही एक डॉलरलाच मिळत होता. गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं तर निम्मं नाणं, तेवढेच पैसे.

४०,००० नाणी पाडली, त्यातली सुमारे २४,००० लोकांपर्यंत पोहोचली, बाकी वितळवली. गंमत म्हणजे आज याच "महागड्या" पाव डॉलरला कोलंबसाच्या अर्ध्या डॉलरपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. कारण साधं आहे: फारशी कुणी घेतलीच नाहीत. प्रश्न १० पाहा.

५. न खपलेल्या नाण्यांचं काय झालं?

बहुतेक टांकसाळीत परत जाऊन वितळली. काही आकडे पाहिले की त्या काळच्या गिऱ्हाइकाचं मत कळतं.

१८९३ साल कोरलेले कोलंबस अर्धे डॉलर ४० लाखांवर पाडले होते, त्यातले २५ लाखांहून जास्त वितळले. १९२६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या दीडशे वर्षांनिमित्त दहा लाख अर्धे डॉलर पाडले. त्यांतले ८,५९,४०८ परत गेले. त्या नाण्यावरच्या कोरीव चित्राचा उठाव इतका उथळ होता की चेहरे नीट ओळखू येत नव्हते, हेही एक कारण. पॅरिसमध्ये लाफायेतचा (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानीचा) पुतळा उभारायला काढलेला १९०० चा लाफायेत डॉलर दोन डॉलरला होता. ५०,००० पैकी सुमारे १४,००० नाणी सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षं पडून राहिली आणि १९४५ मध्ये वितळवली गेली.

म्हणून यादीत "एकूण पाडलेली नाणी" हा आकडा पाहून दुर्मीळपणा ठरवू नका. त्यातून वितळलेली वजा करूनच बोला.

६. सोन्याची नाणी तरी योग्य भावात होती का?

नाही. तिथे तर शंका आणखी जोरात होती, कारण सोन्याचा भाव तेव्हा कायद्याने बांधलेला होता. सोन्याच्या एका डॉलरच्या नाण्यात एका डॉलरचंच सोनं असे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

सेंट लुइसच्या प्रदर्शनासाठी १९०३ मध्ये लुइझियाना खरेदीच्या (अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मोठ्या प्रदेशाच्या) शताब्दीचे सोन्याचे डॉलर निघाले, एकावर राष्ट्राध्यक्ष जेफरसन आणि दुसऱ्यावर राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली. भाव तीन डॉलर. विक्रीचं काम फॅरन झर्बी या नाणेव्यापाऱ्याकडे होतं. त्याने नाणी पिना, चमचे, ब्रोच यांत बसवून विकून पाहिली. अडीच लाखांपैकी जेमतेम ३५ हजार खपली आणि पुढे काही वर्षं बाजारातला भाव मूळ तीन डॉलरच्याही खाली होता. ज्यांनी भरवशाने घेतली त्यांचा विश्वास उडाला. झर्बीची कारकीर्द मात्र खुंटली नाही. पुढे तो अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनातही नाणी विकायला तोच होता.

त्या १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात ५० डॉलरची अवाढव्य सोन्याची नाणी होती, एक गोल आणि एक अष्टकोनी. भाव १०० डॉलर. प्रत्येकी सुमारे १,५०० पाडली, त्यांतली गोल ४८३ आणि अष्टकोनी ६४५ एवढीच विकली गेली. आज त्यांची किंमत दहा-दहा हजार डॉलरांच्या पटीत मोजतात. पण १९१५ मध्ये ती नाकारणारा माणूस मूर्ख नव्हता. कामगाराची कित्येक आठवड्यांची कमाई त्या एका नाण्यात अडकत होती.

७. १९३० च्या दशकातल्या "घोटाळ्या"बद्दल ऐकलंय. त्यात नेमकं काय झालं?

इथे शंकेचं स्वरूपच बदलतं. तोवर तक्रार अशी होती की नाणं महाग आहे, म्हणून घेणार नाही. आता तक्रार उलटी झाली: नाणं घ्यायचंय, पण मिळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाणं व्यापाऱ्याकडे अनेक पट भावात दिसतं.

१९३५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन या छोट्या गावासाठी १०,००० अर्धे डॉलर निघाले. भाव एक डॉलर, अगदी वाजवी. पण साठ्याचा मोठा हिस्सा एका व्यापाऱ्याकडे घाऊक गेला आणि ज्यांनी टपालाने पैसे पाठवले त्यांपैकी अनेकांना ते परत आले. त्याच वर्षी डॅनियल बून या जुन्या अमेरिकी वाटाड्याच्या नाण्याचं प्रकरण झालं. आधीच्या नाण्यावर बारीक "१९३४" हा आकडा वाढवून डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को टांकसाळींतून प्रत्येकी सुमारे दोन हजार नाणी काढली. जोडी ३.७० डॉलरला जाहीर झाली आणि लगेच "संपली" असं कळवण्यात आलं. संच अपुरा राहू नये म्हणून संग्राहक मग मिळेल त्या भावाने शोधू लागले.

सगळ्यांत निर्लज्ज उदाहरण सिनसिनाटीचं, १९३६ मधलं. नाण्यावर गीतकार स्टीफन फॉस्टर आणि "१८८६–१९३६", शहर संगीताचं केंद्र झाल्याची पन्नास वर्षं. फॉस्टर १८६४ मध्येच वारला होता आणि १८८६ मध्ये तिथे नेमकं काय घडलं, हे आजतागायत कुणाला धड सांगता आलेलं नाही. तीन टांकसाळींचे फक्त ५,००० संच, संचाला ७.७५ डॉलर. वाटपाची सूत्रं थॉमस मेलिश या नाणेसंग्राहक उद्योजकाच्या हातात. संच लगेच संपले आणि काही महिन्यांत भाव अनेक पट झाला.

याच काळात ऑरेगॉन ट्रेल, टेक्सस, आर्कान्सा, बून ही नाणी वर्षामागून वर्ष, टांकसाळीमागून टांकसाळ निघतच राहिली. प्रश्न १ मधल्या १४४ च्या संचातला मोठा भाग याच काळातला. एकट्या १९३६ मध्ये सुमारे वीस वेगवेगळ्या विषयांवर नाणी आली. माझं मत स्पष्ट आहे: १८९३ चा दुप्पट भाव उघड होता, घ्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाच्या हातात होतं. १९३५-३६ मध्ये टंचाईच कारखान्यात तयार केली जात होती. फसवणूक म्हणायचं तर ती ही.

८. काही नाण्यांवर तारा किंवा "२x२" असं का असतं?

तोच माल दोनदा विकायला. अलाबामाच्या १९२१ च्या नाण्यावर "२x२" आणि मिसुरीच्या नाण्यावर "२★४" या खुणा टाकून थोडी नाणी काढली. ही राज्ये अमेरिकेच्या संघात अनुक्रमे २२ वी आणि २४ वी सामील झाली, एवढा तरी अर्थ त्यात होता. १९२२ च्या राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या नाण्यावरच्या ताऱ्याला मात्र काहीच अर्थ नाही. तारा असलेलं १.५० डॉलरला, नसलेलं १ डॉलरला. ताऱ्याच्या नाण्याचा भाव पुढे खूप चढला, म्हणून साध्या नाण्यावर तारा ठोकून विकण्याचे उद्योगही झाले. घेताना प्रश्न १३ वाचूनच घ्या.

९. सरकारने हे थांबवलं नाही?

थांबवलं, पण उशिरा. १९३६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, तक्रारींची पत्रं आली होतीच. पण प्रत्येक नाण्यामागे एखादा खासदार आणि त्याचा मतदारसंघ होता. अखेर ५ ऑगस्ट १९३९ च्या कायद्याने आधी मंजूर झालेल्या जुन्या मालिकांची नाणी पाडणं बंद केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा थोडी नाणी निघाली. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि पुढे कार्व्हर-वॉशिंग्टन (शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यासह) यांची नाणी १९४६ पासून १९५४ पर्यंत दरवर्षी तिन्ही टांकसाळींतून काढली, खप निराशाजनक झाला आणि भरपूर नाणी वितळली. तिथे हा अध्याय संपला.

१०. माझं कोलंबसाचं नाणं १३० वर्षं जुनं आहे. मग ते स्वस्त का?

वय हा भावाचा निकष नाही. किती शिल्लक आहेत, किती चांगल्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवी आहेत, या तीन गोष्टींवर भाव ठरतो. कोलंबसाचे वितळूनही सुमारे २५ लाख अर्धे डॉलर उरले. झिजलेलं असेल तर ते चांदीच्या भावाच्या आसपासच जातं. न वापरलेलं, मूळ चकाकी असलेलं असेल तर जास्त. अगदी निष्कलंक असेल तरच गोष्ट वेगळी. इसाबेला (प्रश्न ४) त्याच प्रदर्शनातली, त्याच वयाची, पण संख्या शंभरपट कमी.

११. मग जास्त किंमत लावली की लोक कायमच पाठ फिरवत? काही अपवाद?

अपवाद आहेत, आणि ते शिकवण्यासारखे आहेत. १९२८ चं हवाईचं नाणं, कॅप्टन कुकच्या आगमनाला दीडशे वर्षं झाल्याबद्दलचं, दोन डॉलरला होतं. अर्ध्या डॉलरसाठी तोवरचा सर्वांत चढा भाव. तरी १०,००० नाणी झपाट्याने संपली. निम्मी बेटांवरच्या लोकांसाठी राखून ठेवली होती, त्यामुळे साठा एकाच हातात गेला नाही. आज न वापरलेल्या नाण्याला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात.

१९४६ चं आयोवाचं नाणं तर या सगळ्या गोंधळावरचा उताराच होता. विक्री राज्य सरकारने स्वतः केली, रहिवाशांना २.५० डॉलर, बाहेरच्यांना ३ डॉलर. एक लाख नाणी, एकच टांकसाळ, एकच वर्ष. त्यातली ५०० नाणी १९९६ साठी आणि ५०० नाणी २०४६ साठी बाजूला ठेवली. १९९६ च्या वाट्याची त्या वर्षी सुमारे ५०० डॉलरने विकली गेली. बाजारात तसंच नाणं त्याहून कितीतरी स्वस्त मिळत होतं, तरी लोकांनी घेतली. राज्याच्या तिजोरीतून आलेलं नाणं त्यांना हवं होतं आणि त्यासाठी किती जास्त देतोय हे त्यांना ठाऊक होतं.

१२. गुंतवणूक म्हणून घ्यावीत का?

मी तरी सांगणार नाही. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या प्रमाणन संस्था सुरू झाल्या. त्या नाण्याला गुण देऊन सीलबंद प्लास्टिकमध्ये ठेवतात. त्यामुळे शेअरसारखा व्यवहार करता येईल अशी हवा तयार झाली, बाहेरचा पैसा आला आणि १९८९ मध्ये भाव शिगेला पोहोचून कोसळले. त्या वेळी शिखरावर घेतलेल्या अनेक साध्या स्मारक नाण्यांचा तो भाव अजून परतलेला नाही, महागाई न धरताही. आवड म्हणून घ्या, अवस्था पाहून घ्या.

१३. माझं नाणं खरं आहे हे घरी कसं तपासू? आणि स्वच्छ करू का?

दुसऱ्याचं आधी: अजिबात नको. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी, काहीही नको. घासलेल्या नाण्याची मूळ चकाकी जाते आणि भाव लगेच पडतो. काळपट थर असू द्या.

तपासायला साधा डिजिटल काटा आणि मोजपट्टी घ्या. अर्धा डॉलर १२.५ ग्रॅम, व्यास ३०.६ मिलिमीटर. झिजलेलं असेल तर वजन किंचित कमी भरेल, पण दहा-अकरा ग्रॅम भरत असेल तर शंका घ्या. चुंबकाला चिकटलं तर ते नक्कीच बनावट. ताऱ्याचं ग्रँट, हवाई, किंवा कुठलंही सोन्याचं नाणं असेल तर मात्र घरगुती चाचणीवर थांबू नका, प्रमाणित नाणंच घ्या. चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात कुणी "खास तुमच्यासाठी" म्हणून अमेरिकेचं सोन्याचं नाणं काढलं, तर नमस्कार करून पुढे चला.

१४. हे नाणं अमेरिकेत खर्च करता येतं का?

कायद्याने हो. अर्धा डॉलर म्हणून आजही चालतं. पण आतल्या चांदीचीच किंमत त्याहून कितीतरी जास्त आहे, तेव्हा करू नका.

१५. भारतात असंच होतं का? नेहरूंचं किंवा वैष्णोदेवीचं नाणं लाखांना जातं म्हणतात.

स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालं, एक रुपया आणि ५० पैसे. ते थेट चलनात आलं, दर्शनी किमतीला, कुठल्याही समितीशिवाय. पुढे १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं आणि संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणंही तसंच आपल्या हातात आलं. त्यामुळे अमेरिकेसारखी "दुप्पट का?" ही तक्रार इथे सामान्य चलनी नाण्यांबाबत उद्भवली नाही. टांकसाळ चढ्या भावाने विकते ते संग्राहकांसाठीचे वेगळे संच.

इथला त्रास दुसरा आहे. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखो रुपयांना विकलं जातं, अशा बातम्या पुन्हा पुन्हा फिरतात. ते नाणं प्रचंड संख्येने निघालं, त्याला असा भाव नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तुमच्या नाण्याला गिऱ्हाईक मिळालंय, फक्त नोंदणीचे किंवा जीएसटीचे पैसे आधी भरा, असा फोन आला तर एक पैसाही न भरता ठेवून द्या आणि १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा.